तंजावर : पायी चालत वाचलेला इतिहास

हीरक महोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. तो इतिहास आपल्या ज्येष्ठ शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी याच अंकात माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिला आहे. मी लिहिणार आहे ते एका दूरच्या शहराविषयी. मात्र त्या शहराने मला आपल्या शाळेविषयी दोन प्रश्न विचारले, म्हणून हा लेख या अंकात अस्थानी ठरणार नाही, असे मला वाटते.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आठवी-नववीचे अठरा विद्यार्थी, दोन सहशिक्षिका आणि मी असे आम्ही तीन दिवस तंजावरात होतो. सहलीचा नियम एकच होता. एकदा स्थानकावर उतरलो की परतीच्या गाडीत बसेपर्यंत गावात वाहन करायचे नाही. जे पाहायचे ते पायी पाहायचे. निघण्यापूर्वीच्या सभेत एका पालकांनी विचारले, "बाई, तंजावरच का? हंपी किंवा जयपूर का नाही?" प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "आपली मुले महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकतात. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ प्रदेशाच्या मध्यभागी मराठी माणसे साडेतीनशे वर्षे कशी राहिली, हे त्यांनी एकदा पाहावे." हे उत्तर पुरेसे नव्हते, हे मला तंजावरहून परतल्यावर कळले.

सावलीचा पडताळा

मार्गळी महिना चालू होता. आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास येणारा हा तमिळ महिना पहाटेच्या भजनांचा आणि दारापुढच्या रांगोळ्यांचा. पहाटे साडेपाचला आम्ही निवासातून निघालो, तेव्हा रस्त्यावर दिवे होते आणि घराघरापुढे बायका वाकून कोलम काढत होत्या. शेणाच्या गोळ्यात खोवलेले भोपळ्याचे पिवळे फूल कोलमच्या मध्यभागी ठेवलेले. मुलींनी तेथेच वह्या काढून ठिपके मोजायला सुरुवात केली. वाहनातून गेलो असतो तर ही पहिली दहा मिनिटे हुकलीच असती.

बृहदीश्वराचे मंदिर सूर्योदयाच्या वेळी पाहावे. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केले. गर्भगृहावरचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे आणि ते सगळे ग्रॅनाइटचे आहे. तंजावर हा कावेरीच्या गाळाचा, भातशेतीचा मुलूख. तेथे डोंगर नाही, खाण नाही. म्हणजे हा सारा दगड लांबून वाहून आणावा लागला. हजार वर्षांपूर्वी एवढे ओझे हलवण्यासाठी माणसे, जनावरे, धान्य, रस्ते आणि हिशेब यांची केवढी व्यवस्था लागली असेल, याचा विचार केला की त्या राज्याची ताकद लढायांच्या यादीपेक्षा अधिक नेमकी कळते.

आवारात एका मार्गदर्शकाने मुलांना सांगितले, की या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही. ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि अनेक पुस्तकांतही छापलेली आहे. मी मुलांना म्हणाले, आपण दुपारपर्यंत येथेच आहोत, पाहू या. बारा वाजून गेल्यावर, सूर्य माथ्यावर असताना, मुलांनी एक मीटरची पट्टी उभी धरली. तिची सावली उत्तरेकडे सुमारे ६८ सेंटीमीटर पडली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, हे भूगोलात शिकलेले होते. त्रैराशिक मांडले: ६६ मीटर उंचीची सावली सुमारे ४५ मीटर. विमानाच्या पायाची बाजू अंदाजे ३० मीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १५ मीटर. मग शिखराची सावली पायाच्या बाहेर, आवारात पडायलाच हवी. आणि ती पडली होतीच. अनवाणी पायांना तापलेली फरशी सोसेना, तेव्हा अठराही मुले धावत जाऊन ज्या थंड पट्ट्यात उभी राहिली, तो विमानाच्या सावलीचाच होता.

मंदिराची थोरवी या दंतकथेवाचून उणी होत नाही. पण ऐकलेली गोष्ट जागेवर जाऊन तपासावी, एवढा इतिहासाचा पहिला धडा मुले त्या दुपारी शिकली. वर्गात तो धडा मी अनेक वर्षे शब्दांनी शिकवत आले आहे.

एकाच आवारातील दोन लेख

या मंदिराच्या भिंती म्हणजे एक दफ्तरखाना आहे. राजराजाने आज्ञा केली, की आपण, आपल्या थोरल्या बहिणीने, राण्यांनी आणि इतरांनी देवाला जे जे दिले ते सारे दगडावर कोरावे. त्याप्रमाणे पायथ्यापासून प्राकारापर्यंत तमिळ लेखांच्या ओळी चालतात. थोरली बहीण कुंदवै हिच्या देणग्या आहेत, सोन्याच्या भांड्यांची वजने आहेत, गावोगावचे भाताचे उत्पन्न आहे. एक नंदादीप अखंड तेवत राहावा म्हणून ९६ मेंढ्या नेमून दिल्या आहेत आणि त्या कोणी सांभाळायच्या हेही लिहिले आहे.

सर्वांत विलक्षण आहे ती चारशे नर्तकींची नोंद. राज्यातील निरनिराळ्या मंदिरांतून त्यांना तंजावरात आणून वसवले. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या मंदिरातून आली, तिचे घर कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूला, कितवे, हे सारे दगडावर आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात मिळे. त्यांच्यापाठोपाठ नृत्य शिकवणारे, गाणारे, वाजवणारे, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट यांचेही वाटे नोंदलेले आहेत. या लेखांचा अनुवाद मी सोबत छापून नेला होता. प्राकारातून चालताना मुले तो आळीपाळीने मोठ्याने वाचत होती.

प्राकाराच्या नैर्ऋत्य भागात आल्यावर मात्र अनुवादाची गरज उरली नाही. तेथे भिंतीवर देवनागरी अक्षरे होती आणि भाषा मराठी होती. हा भोसले वंशाचा चरित्रलेख. सरफोजी दुसरे यांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. तो एवढा लांब आहे, की जगातील सर्वांत मोठ्या कोरीव लेखांत त्याची गणना केली जाते. शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले आहेत, वळण जुने आहे, काही अक्षरे झिजली आहेत. तरीही आठवीतल्या एका मुलीने बोट न लावता, हवेतच बोट फिरवत 'भोसले' हा शब्द शोधून काढला. मग दुसऱ्याने 'राजे' शोधला. तमिळ अक्षरांच्या त्या विशाल आवारात आपली लिपी भेटल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर होता. माझ्याही होता, हे कबूल करते.

तेथेच बसून मी त्यांना थोडक्यात कथा सांगितली. शहाजीराजे आणि तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. मदुरैच्या नायकाने तंजावर जिंकले तेव्हा तंजावरच्या नायक घराण्याच्या वारसाला गादी मिळवून देण्यासाठी विजापूर दरबाराने व्यंकोजींना पाठवले. गादी मिळवून दिली, आणि पुढे १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी स्वतःच तीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडम नदीच्या काठी त्यांची भेट घेतली. वडिलांच्या दौलतीची वाटणी हा विषय होता. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रात्रीतून नदी ओलांडून निघून गेले. यानंतर १८५५ पर्यंत भोसल्यांची एक शाखा तंजावरात नांदली.

गोष्ट संपल्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या भिंतीवर नाचणाऱ्या बायकांचे घर कितवे तेसुद्धा लिहिले आहे. या भिंतीवर फक्त राजघराणेच आहे."

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. दोन लेखांमध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे, त्यांचे हेतूही वेगळे आहेत. एक देणग्यांची नोंदवही आहे आणि दुसरी वंशावळ. इतिहासकार या वंशचरित्रातील जुन्या भागाचा उपयोग सावधपणे करतात, कारण घराण्याची प्रतिष्ठा वाढवणे हा अशा लेखनाचा उद्देशच असतो. हे सारे मी सांगितले. पण मुलीचे निरीक्षण खरे होते आणि त्याने माझी पाठ सोडली नाही. नोंद करायची तर कोणाची करायची? तंजावरचा पहिला प्रश्न हा होता.

राज्य नसलेला राजा

१८०३ हे वर्ष नीट पाहिले की त्या मराठी लेखाचा अर्थ बदलतो. तंजावरचे तुळजाजी राजे १७८७ मध्ये निवर्तले, तेव्हा दत्तक पुत्र सरफोजी दहा वर्षांचे होते. गादीवर चुलते अमरसिंह बसले. जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी मुलाच्या शिक्षणाची आणि रक्षणाची जबाबदारी घेतली. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे किल्ला, ठरीव नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. म्हणजे वंशाची गाथा दगडावर कोरली गेली ती राज्य हातातून गेल्यानंतर चार वर्षांनी. ज्याच्यापाशी सत्ता असते त्याला आपण कोण हे भिंतीवर लिहून ठेवण्याची निकड सहसा वाटत नाही.

मात्र सरफोजी केवळ पूर्वजांची नावे कोरत बसले नाहीत. मंदिरापासून राजवाडा सुमारे दीड किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून, केळीच्या पानांचे ढीग आणि पितळेची दुकाने ओलांडत आम्ही तेथे गेलो. नायकांनी उभारलेल्या आणि मराठ्यांनी वाढवलेल्या या वाड्याच्या दरबारात सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने तो घडवला. राजे तलवार उगारून उभे नाहीत. हात जोडून उभे आहेत. त्याच शिल्पकाराचे दुसरे काम शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरलेला तरुण राजा त्यात दिसतो. दोन्ही शिल्पे एका सकाळी पायी पाहता येतात आणि ती एका पाठोपाठ एक पाहावीत.

या राजाने केलेल्या कामांची यादी शाळेच्या स्मरणिकेत यायलाच हवी. त्यांनी देवनागरी छापखाना काढला. १८०६ मध्ये तेथे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' छापले गेले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याचे स्थान आहे, आणि ते मुलांसाठी होते. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्याच्या रंगीत चित्रांसह, आजही तेथील संग्रहात आहेत. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल घातला. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीचा तमिळ नाट्यप्रकार; सरफोजींनी तिच्या तोंडून खंडे आणि देश सांगितले. भूगोलाच्या बाईंनी हे ऐकल्यावर वार्षिक संमेलनासाठी तेथल्या तेथे बेत आखला.

कंपनीशी वागताना त्यांनी एक गोष्ट मात्र हट्टाने राखली. ती म्हणजे छत्रे, वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा. १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांचे काम तपशिलाने मांडले: सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, बाळंतिणींची देखभाल, अनाथ मुलांचे पालन आणि शिक्षण. राज्य गेले तरी ही छत्रे आपल्याकडे राहावीत, अशी त्यांची मागणी होती आणि ती मान्य झाली. हातात थोडे उरले असताना माणूस काय मागतो, यावरून त्याची ओळख पटते.

न वाचता आलेले पान

वाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजींनी वाढवला. १८२० नंतरच्या काशीयात्रेतूनही ते ग्रंथ घेऊन आले. ४९,००० हून अधिक हस्तलिखिते येथे आहेत. बहुसंख्य संस्कृत, त्यांखेरीज तमिळ, तेलुगू आणि मराठी. युरोपातून मागवलेल्या पुस्तकांवर सरफोजींची इंग्रजी सही दिसते. संग्रहालयाच्या दालनात माणसांचे चेहरे आणि पशूंचे चेहरे शेजारी शेजारी मांडणारी फ्रेंच चित्रे आहेत. मुले त्यांच्यापुढून हलेनात. कोणाचे तोंड कोणत्या शिक्षकांसारखे आहे, ही चर्चा मी ऐकली नाही असे दाखवले.

त्यानंतर एका काचेच्या पेटीपुढे आम्ही थांबलो. आत मोडी कागद होता. डोक्यावरची आडवी रेघ आणि तिच्याखाली न थांबता धावणारी वळणे. ज्या मुलीने भिंतीवर 'भोसले' वाचले होते, तिने येथेही वाचायचा प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हे मराठीच आहे ना? मग वाचून दाखवा ना."

मला वाचता आले नाही. मी इतिहासाची एम. ए. आहे. तीस वर्षांपूर्वी मोडीची तोंडओळख करून घेतली होती. सराव सुटला आणि ती गेली. त्या पेटीसमोर मला आमच्या घरातील पत्र्याची ट्रंक आठवली. आजोबा नोकरीनिमित्त साताऱ्याकडून या शहरात आले. त्यांच्या ट्रंकेत मोडी कागदांचा गठ्ठा होता. घर बदलताना आम्ही भावंडांनी तो उलटसुलट करून पाहिला, कोणालाच काही कळेना, आणि आम्ही तो रद्दीत दिला. त्यात जमिनीचे कागद होते, पत्रे होती की पणजीचे औषधांचे टिपण होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. कागद वाळवीने खाल्ले नव्हते, पुरात वाहून गेले नव्हते. ते आम्ही, मराठी शाळेत शिकलेल्या माणसांनी, आपल्या हातांनी दिले.

तंजावरच्या मोडी दफ्तराचे तसे झाले नाही. ज्यांची मातृभाषा मराठी नाही, अशा तमिळ अभ्यासकांनी मोडी शिकून त्यातील कागदपत्रांचा तमिळ अनुवाद केला आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. म्हणजे या मराठी राज्याचा रोजचा कारभार, म्हणजे कोणाला किती पगार, कोणत्या छत्रात किती तांदूळ, हे आज तमिळ वाचकाला वाचता येते. मला येत नाही. याबद्दल कृतज्ञताही वाटली आणि लाजही.

आदल्या दिवशीचे मंदिर पुन्हा आठवले. एकोणिसाव्या शतकात ते कोणी बांधले, हे तंजावरातही खात्रीने सांगता येत नव्हते. निरनिराळ्या चोळ राजांची नावे घेतली जात. बांधणाऱ्याचे नाव भिंतीवर शेकडो ओळींत होते, पण ती जुनी लिपी वाचणारे उरले नव्हते. १८८६ च्या सुमारास पुराभिलेखतज्ज्ञ हुल्ट्झ यांनी ते लेख वाचले, तेव्हा राजराजाचे नाव पुन्हा त्याच्या मंदिराला लागले. दगड टिकतो, वाचणारा टिकेलच असे नाही. लिहिलेले वाचणार कोण? तंजावरचा दुसरा प्रश्न हा होता.

चार वीथी

तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहराच्या चार प्रमुख वीथींतून, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर राजमार्गांवरून प्रदक्षिणा केली. पूर्वेला किल्ल्याच्या तटावर नायकांच्या काळातील प्रचंड तोफ आहे. ती ओतीव नाही. लोखंडाच्या पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून, एकमेकांत जोडून ती घडवली आहे. पश्चिम वीथीत चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांचे घर आहे. मराठी राजांच्या दरबारातील या तमिळ नट्टुवनारांनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम बसवला, तोच आज भरतनाट्यमच्या प्रत्येक रंगमंचावर दिसतो. आमच्यातल्या दोन मुली हे नृत्य शिकतात. त्या दारासमोर त्यांनी आपण होऊन नमस्कार केला.

चालताना मला व्यंकोजींचे पुत्र शहाजी (१६८४–१७१२) यांची आठवण झाली. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांचे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'च्या दीडशे वर्षे आधीचे. त्यांनी तेलुगूतही विपुल लिहिले. 'पंचभाषाविलास' नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र येतात. राजाची घरची भाषा मराठी, दरबारी गाण्याची तेलुगू, प्रजेची तमिळ, शास्त्राची संस्कृत. कोणत्याही भाषेला बाहेर ठेवून तंजावर उभे राहिले नसते. आपल्या शाळेतील मूल घरी एक, अंगणात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलते, तेव्हा पालकांना त्याचा गोंधळ होईल अशी काळजी वाटते. त्यांनी हे नाटक आठवावे.

उत्तर वीथीत एका घराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आमची बडबड ऐकून हाक मारली. त्यांचे मराठी कानाला नवीन होते, हेल तमिळ, काही शब्द जुने, क्रियापदे थोडी वेगळी. पण ते मराठीच होते आणि मुलांना समजत होते. आत जाऊन त्यांच्या पत्नीने सर्वांना पाणी आणि मुरुक्कू आणले. घरात आंबट भाजी होते, पिठले होते, पुरणपोळी होते, असे त्यांनी सांगितले. एका मुलाने वहीत नाव लिहून द्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी तमिळ लिपीत लिहिले. "बोलायला येते, लिहायला नाही," ते म्हणाले. "आमच्या आजोबांना मोडी येत असे. बाळबोध आम्हांला कोणी शिकवलीच नाही. शाळा नव्हती." मग मुलांकडे पाहून म्हणाले, "तुम्हांला शाळा आहे."

मी यावर काही बोलले नाही. निरोप घेताना मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राजपद संपवले. खाजगी मालमत्तेसाठी राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयात दाद मागितली. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. पुढे मालमत्ता परत मिळाली, राज्य मिळाले नाही. मराठी माणसे मात्र पांगली तरी संपली नाहीत. १८२८ मध्ये जवळच्याच कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. आणि १९१८ मध्ये भोसले वंशजांनी सरस्वती महाल सर्वांसाठी खुला केला. राजवाड्याचे बुरूज आज पडझडीला आले आहेत. ग्रंथालयात मात्र रोज कोणीतरी नवा वाचक येतो.

शाळेत परतल्यावर

जानेवारीत शाळा उघडली, त्या आठवड्यात मी कार्यालयाच्या लोखंडी कपाटातून आपल्या शाळेचे पहिले जनरल रजिस्टर काढले. बोरूच्या वळणाने लिहिलेली नावे, जन्मतारखा, आधीची शाळा आणि पालकांचे व्यवसाय: रेल्वे, टपाल खाते, गिरणी, शिवणकाम, स्वयंपाकी. त्या एका रकान्यात या शहरातल्या मराठी माणसाचा सारा इतिहास आहे. मग मी स्मरणिकेचा आराखडा पाहिला. संस्थापक, अध्यक्ष, देणगीदार, मुख्याध्यापक, गुणवंत विद्यार्थी. सारे योग्यच होते. परंतु साठ वर्षे घंटा ज्यांनी वाजवली, ज्यांनी पावसाळ्यात छपरावर चढून कौले सारखी केली, ज्यांनी लहान मुलांना रस्ता ओलांडून दिला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्यात नव्हते. आम्ही नकळत नैर्ऋत्येची भिंत कोरायला घेतली होती.

संपादक मंडळाने माझी विनंती मान्य केली. या अंकाच्या शेवटी शाळेच्या सर्व सेवकांची, आयांची आणि बालवाडीच्या ताईंची नावे, त्यांच्या सेवेच्या वर्षांसह, छापली आहेत. यादी अपुरी आहे. पहिल्या पंधरा वर्षांतील तीन-चार जणांना आम्ही केवळ 'मामा' आणि 'मावशी' या नावांनीच ओळखतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला त्यांची पूर्ण नावे आठवत असतील, तर कार्यालयात अवश्य कळवावे. पुरवणी काढण्याची तयारी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. आपल्या शाळेची पटसंख्या दरवर्षी कमी होत आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठीने पुढे काय मिळेल, असे पालक विचारतात, आणि नोकरीचे आश्वासन मी देऊ शकत नाही. एवढेच म्हणू शकते, की आपल्या घरातील ट्रंक उघडणारे कोणीतरी घरातच असावे. तंजावरच्या ओट्यावरच्या आजोबांना ती संधी मिळाली नाही. आपल्या मुलांना ती अजून आहे.

यंदाच्या फेब्रुवारीपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मोडीचा वर्ग भरतो. शिकवायला निवृत्त शिक्षक येतात. शिकायला अकरा मुले, चार पालक आणि पहिल्या बाकावर मी असते. परवा एका मुलाने घरून आजीच्या पेटीतील एक जीर्ण कागद आणला. तासभर खटपट करून आम्ही त्याच्या तीन ओळी लावल्या. उसने घेतलेल्या जोंधळ्याचा तो हिशेब होता.